पाऊण छापायचा कसा?

संगणकावर ३ टाइप करा, मग तिरकी रेघ, मग ४. पडद्यावर ३/४ उमटते. तिन्ही चिन्हे एकाच उंचीची, एकामागोमाग एक. अर्थ कळतो, पण डोळ्याला तो अपूर्णांक वाटत नाही. दोन आकडे आणि त्यांच्यामध्ये घुसलेली रेघ वाटते. आता अपूर्णांकांची सोय असलेला फॉन्ट निवडा, ही तीन चिन्हे सिलेक्ट करा आणि पाने लावण्याच्या इनडिझाइन या प्रणालीच्या ओपनटाइप मेनूत जाऊन ‘फ्रॅक्शन्स’ चालू करा. ३ लहान होऊन वर चढतो, ४ लहान होऊन ओळीच्या पायाशी बसतो, मधली रेघ अधिक कलते आणि तिघे मिळून जेमतेम दीड आकड्याची जागा घेतात. समोर सुबक, भरीव पाऊण उभा असतो.

खरे नवल याच्या पुढचे आहे. फाइलमध्ये काहीच बदललेले नसते. तिथे अजूनही ३, तिरकी रेघ आणि ४ हीच तीन चिन्हे असतात. शोधली तर सापडतात, खोडायला गेलात तर एकेक करून खोडली जातात. बदलते ते फक्त रूप. रोज पाने लावणाऱ्या माणसालाही हे पाहताना थांबावेसे वाटावे, इतकी ही करामत सुंदर आहे. तिच्यामागे काही शतकांची छापखान्यांची डोकेफोड आहे, आणि त्याच्याही मागे आपल्याच उपखंडातली एक लिहिण्याची रीत आहे.

अडचण ओळीची आहे. मजकूर डावीकडून उजवीकडे सरळ जातो; अपूर्णांक मात्र वर-खाली वाढतो. अंशाने वर राहायचे, छेदाने खाली, आणि दोघांनी मिळून एकच संख्या दाखवायची. हाताने लिहिताना यात काहीच कठीण नाही, कारण हाताला ओळीचे बंधन नसते. छापताना ते असते.

वर अंश आणि खाली छेद ही मांडणी भारतीय गणितींची. १८८१ साली पेशावरच्या बाजूला बख्शाली नावाच्या गावात जमीन खणताना भूर्जपत्रावरचे एक गणिताचे हस्तलिखित सापडले. त्याची सुमारे सत्तर पाने आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. त्यात अपूर्णांक असेच लिहिलेले आहेत: वर अंश, खाली छेद, मध्ये रेघ नाही. पूर्णांकासह अपूर्णांक असेल तर तीन थर, म्हणजे सर्वांत वर पूर्णांक, त्याखाली अंश, त्याखाली छेद. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’च्या हस्तलिखितांतही हीच रीत दिसते. मधली आडवी रेघ नंतर आली, ती अरबी गणितींकडून. बाराव्या शतकात मोरोक्कोच्या बाजूला अल-हस्सार याने ती वापरली आणि १२०२ मध्ये फिबोनाचीच्या ‘लिबेर अबाची’तून ती युरोपात पोचली.

मग छपाई आली आणि रेघ पुन्हा गळाली. युरोपातल्या सुरुवातीच्या छापील गणितग्रंथांत अनेक ठिकाणी अपूर्णांकाची रेघच नाही. हस्तलिखितांत रुळलेली खूण शिशाच्या खिळ्यांत जुळवणे कठीण, म्हणून मुद्रकांनी ती सोडून दिली. सोळाव्या शतकात ती हळूहळू पक्की झाली. गणिताच्या खुणांवर गणितींइतकाच हक्क खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनीही गाजवला आहे, याची आठवण मला हा तपशील नेहमी करून देतो.

तिरकी रेघही मुद्रकांची सोय बघूनच रूढ झाली. इंग्लंडमध्ये गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८४५ मध्ये तिची शिफारस केली आणि १८८० मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी आपल्या संग्रहित निबंधांत ती नेटाने वापरली. कारण सरळ होते. आडव्या रेघेचा अपूर्णांक मजकुरात आला की ओळ फुगते, वर-खाली पट्ट्या भराव्या लागतात, वेळ आणि पैसा जातो. तिरकी रेघ असली की सगळे एका ओळीत बसते.

शिशाच्या छापखान्यांत यावर दोन उपाय होते. पाव, अर्धा, पाऊण यांसारखे नेहमीचे अपूर्णांक अखंड खिळ्यात ओतलेले मिळत आणि खिळ्यांच्या केसमधल्या आपल्या घरात पडून असत. नेहमीचे नसलेले जुळवावे लागत. त्यासाठी निम्म्या उंचीच्या खिळ्यांचे संच असत. मजकूर १२ पॉइंटचा असेल तर वरचा आकडा ६ पॉइंटच्या खिळ्यावर, खालचा ६ पॉइंटच्या खिळ्यावर, आणि दोघांतल्या एकावर रेघ ओतलेली. जुळारी ते एकावर एक बसवी आणि बारा पॉइंटांचा हिशेब पुरा होई. मराठी जुळाऱ्यांना ही कसरत परकी नव्हती. देवनागरी जुळवताना वरच्या मात्रा-रफार आणि खालचे उकार वेगळ्या थरांत बसवण्याची डिग्री पद्धत त्यांच्या हातात होतीच.

डेस्कटॉप पब्लिशिंग अवतरले ते १९८५ साली. अॅपलचा मॅकिन्टॉश, त्याचा लेझरप्रिंटर, अॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि आल्डसचा पेजमेकर अशी ती चौकडी. छापखाना टेबलावर आला, पण अपूर्णांकाची अवस्था मात्र विचित्र झाली. मॅकच्या चिन्हांच्या कोष्टकात २५६ जागा होत्या. त्यात अर्धा नव्हता, पाव नव्हता, पाऊणही नव्हता. होती ती अपूर्णांकाची तिरकी रेघ, एकटी. ऑप्शन, शिफ्ट आणि १ ही बटणे एकत्र दाबली की ती उमटे, आणि पुढचा अपूर्णांक तुमचा तुम्ही बांधायचा. उलट १९८७ मध्ये ठरलेल्या लॅटिन-१ या प्रमाण कोष्टकात पाव, अर्धा आणि पाऊण ही तीन तयार चिन्हे होती आणि रेघ नव्हती. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये इंग्रजी अंकांत एक छेद दोन टाइप केले की ते आपोआप अर्ध्याचे चिन्ह होते, आणि एक छेद तीन मात्र तसेच ताटकळत राहते, याचे मूळ त्या तीन चिन्हांच्या यादीत आहे.

या रेघेपाशी जरा थांबू या, कारण बहुतेक लोक हिला साधी तिरकी रेघच समजतात. टाइम्स रोमन हा सगळ्यांच्या ओळखीचा फॉन्ट घ्या. अॅडोबीने त्याची मापे प्रसिद्ध केलेली आहेत. अक्षराच्या आकाराचे हजार भाग कल्पिले तर त्यातला प्रत्येक आकडा ५०० भाग रुंद आहे. साध्या तिरक्या रेघेला २७८ भाग जागा दिली आहे आणि तिची शाई साधारण तेवढ्याच रुंदीत मावते. अपूर्णांकाची रेघ उंचीला अगदी तितकीच आहे, पण आडवी बरीच पसरते, ४९९ भाग. म्हणजे ती जास्त कललेली आहे. आणि तिला दिलेली जागा किती? फक्त १६७ भाग. रेघ आपल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तब्बल १६८ आणि १६४ भाग बाहेर झुकते. हे मुद्दाम आहे. वरचा अंश तिच्या डाव्या पायावरच्या मोकळ्या कोपऱ्यात शिरावा, छेद तिच्या उजव्या खांद्याखालच्या कोपऱ्यात शिरावा, म्हणून शेजाऱ्यांच्या हद्दीत जाण्याची परवानगी तिला मापांतच देऊन ठेवली आहे. साध्या रेघेने एक छेद दोन लिहिले तर १२७८ भाग जागा लागते. टाइम्समधले अर्ध्याचे तयार चिन्ह ७५० भागांत बसते.

पेजमेकरच्या काळात ज्यांना तयार चिन्ह मिळाले नाही त्यांनी काय केले? अंशाला सुपरस्क्रिप्ट केले, छेदाला लहान केले आणि मध्ये हाताशी येईल ती रेघ टाकली. आजही अनेक पाठ्यपुस्तके, पाककृतींची पुस्तके, निविदांच्या जाहिराती अशाच लागतात. इनडिझाइनमध्ये सुपरस्क्रिप्ट मूळच्या ५८.३ टक्के आकाराचे होते. आकार ५८ टक्के झाला तर रेषेची जाडीही ५८ टक्के होते. शेजारचा मजकूर गडद आणि हा आकडा फिकट, असा तो पान दूर धरले तरी ओळखू येतो. मोठ्या माणसाचा फोटो लहान केला म्हणून ते मुलाचे चित्र होत नाही, कारण मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. तसेच लहान आकड्यांचे आहे. त्यांच्या रेषा प्रमाणाबाहेर जाड हव्यात, पोटातल्या पोकळ्या मोकळ्या हव्यात, रुंदी किंचित अधिक हवी. चांगला अक्षरकार शून्य ते नऊ हे दहा आकडे अंशासाठी पुन्हा काढतो आणि छेदासाठी तेच खाली उतरवतो. १९९०च्या सुमारास अॅडोबीने ‘एक्स्पर्ट’ नावाचे जोडफॉन्ट विकले, त्यात असे काढलेले आकडे होते. अपूर्णांक आला की फॉन्ट बदलायचा, आकडा टाकायचा, पुन्हा मूळ फॉन्टवर यायचे. शंभर पानांच्या पुस्तकात हे करणाऱ्या ऑपरेटरांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे.

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अॅडोबी यांनी मिळून ओपनटाइप जाहीर केले आणि सुरुवातीला सांगितलेली करामत शक्य झाली. तिचे पोट उघडून पाहू या.

फॉन्टमध्ये आता नुसती चित्रे नसतात, नियमही असतात: अमुक चिन्ह अमुक परिस्थितीत आले तर त्याच्या जागी तमुक चित्र ठेव. समजा तुम्ही १३/१६ टाइप केले आणि अपूर्णांकाची सोय चालू केली. पहिला नियम साध्या तिरक्या रेघेच्या जागी अपूर्णांकाची रेघ ठेवतो. दुसरा नियम सगळ्याच आकड्यांना अंश बनवतो. १, ३, १, ६ असे चारही आकडे लहान होऊन वर चढतात. क्षणभर सगळे चुकलेले असते. तिसरा नियम म्हणतो: अपूर्णांकाच्या रेघेला लागून उजवीकडे जो वरचा आकडा असेल, त्याला छेद कर. दुसरा १ खाली उतरतो. चौथा नियम तर फारच देखणा आहे: छेदाला लागून उजवीकडे जो वरचा आकडा असेल, त्यालाही छेद कर. ६ खाली उतरतो. पुढे आणखी आकडे असते तर तेही एकामागून एक उतरले असते, कितीही असले तरी. ३५५/११३ असो की १/१०००००, फॉन्ट बनवणाऱ्याने यातला एकही अपूर्णांक वेगळा काढलेला नाही. त्याने वीस लहान आकडे, एक रेघ आणि चार नियम दिले. आणि त्यातून जगातला कुठलाही अपूर्णांक निघतो.

हे वाचून मराठी वाचकाला काही ओळखीचे वाटले तर ते योग्यच आहे. क टाइप करा, हलंत द्या, ष टाइप करा. पडद्यावर क्ष दिसतो. फाइलमध्ये क, हलंत आणि ष हीच तीन चिन्हे असतात. रूप बदलते, मजकूर बदलत नाही. यात आणि अपूर्णांकात नुसते साम्य नाही, यंत्रणाच एक आहे. ओपनटाइप फॉन्टमधल्या ज्या कोष्टकात क्ष, द्ध, ट्ट यांचे नियम लिहिलेले असतात, त्याच कोष्टकात अपूर्णांकाचे नियम लिहिले जातात. युनिकोडमध्ये मराठीची एक ओळ टाइप करताना आपण ही यंत्रणा दहा वेळा वापरतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला ती अपूर्णांकापाशी प्रथम भेटते, आपल्याला ‘क्षमस्व’ लिहिताना.

यंत्रणा चतुर असली तरी तिला अर्थ कळत नाही. सबंध परिच्छेद सिलेक्ट करून अपूर्णांक चालू केलेत तर १५/८/१९४७ या तारखेचा चक्काचूर होतो: १५ वर जातात, ८ खाली, १९४७ लहान होऊन त्यालाच चिकटतात. आणि आपल्याकडे तर सातबारा आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा मिळून तो ७/१२. त्याचा अपूर्णांक झाला तर शेतकऱ्याच्या उताऱ्यावर सात भागिले बारा उभे राहतील. इनडिझाइनमध्ये २००८ पासून ग्रेप स्टाइल आहे. देवनागरी अंक, तिरकी रेघ, पुन्हा देवनागरी अंक असा साचा सांगितला की ती दस्तऐवजभर असे तुकडे शोधून आपोआप अपूर्णांक करते. पण ७/१२ आणि बारा भागांतले सात भाग यांत फरक करणे तिलाही जमणार नाही. तिथे मुद्रितशोधकच लागतो.

निदान फाइलमध्ये हा फरक नोंदवून ठेवण्याची सोय मात्र युनिकोडने केली आहे. साध्या तिरक्या रेघेचा क्रमांक यू+००२एफ आणि अपूर्णांकाच्या रेघेचा यू+२०४४. सातबारा साध्या रेघेने लिहा, अपूर्णांक अपूर्णांकाच्या रेघेने लिहा. वर्डमध्ये २०४४ हे चार आकडे इंग्रजीत टाइप करून आल्ट आणि एक्स दाबले की ती उमटते. युनिकोडचा नियम असा की आकडे, मग ही रेघ, मग आकडे असा क्रम आला तर तो एक अपूर्णांक म्हणून दाखवावा. आणि दाखवणाऱ्या प्रणालीला ते जमत नसेल तर तिने नुसते ओळीत दाखवले तरी चालेल. म्हणजे वाईटात वाईट ३/४ दिसेल, अर्थ बिघडणार नाही. नियमात कोणत्याही लिपीचे दशमान अंक बसतात, देवनागरीही. हार्फबझ नावाची एक मुक्त प्रणाली फायरफॉक्स, क्रोम आणि लिब्रेऑफिसमध्ये अक्षरे जुळवण्याचे काम करते. तिला ही रेघ दिसली की ती डावीकडच्या आकड्यांना अंश आणि उजवीकडच्यांना छेद करायला फॉन्टला आपणहून सांगते. मेनू उघडायलाही नको. फॉन्टमध्ये तेवढी चित्रे असली पाहिजेत.

तयार चिन्हांत एक खोच आहे, ती पाने लावणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. युनिकोडच्या दृष्टीने अर्ध्याच्या तयार चिन्हाचे सुटे रूप म्हणजे १, अपूर्णांकाची रेघ, २. काही शोधयंत्रे आणि मजकूर साफ करणाऱ्या प्रणाली अशी चिन्हे सुटी करून टाकतात. आता दीड लिहिताना तुम्ही १ आणि त्याला चिकटून अर्ध्याचे चिन्ह ठेवले असेल तर सुटे झाल्यावर काय उरते? १, १, रेघ, २. अकरा छेद दोन. दिडाचे साडेपाच झाले. हीच चूक हातानेही होते. पावणेतीन लिहिताना २ आणि ३/४ यांच्यामधली जागा निसटली की २३/४ होते आणि त्याची किंमत पावणेसहा. म्हणून पूर्णांक आणि अपूर्णांक यांच्यामध्ये बारीक जागा हवी, तीही न तुटणारी, म्हणजे २ ओळीच्या शेवटी आणि पाऊण पुढच्या ओळीत असे होणार नाही.

आडव्या रेघेच्या उभ्या अपूर्णांकाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९७७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे आली आणि त्यांची जुळणी बघून ते इतके हिरमुसले की त्यांनी टेक ही जुळणीची प्रणाली स्वतःच लिहायला घेतली. टेकमध्ये अपूर्णांकाची रेघ कुठे बसवायची याचा नियम बारकाईने लिहिलेला आहे. ती अधिक, उणे आणि बरोबर या चिन्हांच्या मध्यरेषेवरच बसते. समीकरणातली सगळी चिन्हे एका अदृश्य आडव्या अक्षावर तोललेली राहतात. क्नूथ यांच्या मूळ फॉन्टात ही रेघ ०.४ पॉइंट जाड आहे. समीकरण स्वतंत्र ओळीत असेल तर अंश आणि छेद तिच्यापासून निदान तिच्या जाडीच्या तिप्पट दूर राहतात, मजकुराच्या ओळीत असेल तर एकपट. माझे मत विचाराल तर मुलांच्या गणिताच्या पुस्तकात उभाच अपूर्णांक हवा, तिथे दुसरी तडजोड नको. वाहत्या मजकुरात मात्र देवनागरीला तो परवडत नाही. वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार यांनी दोन ओळींमधली जागा आधीच भरलेली असते.

आता आपल्या घरातली गोष्ट. जुन्या मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या आत किंमत बघा. ‘किंमत १॥ रुपये’ असे छापलेले सापडेल. ते दंड पूर्णविरामाचे नाहीत. तो दीड आहे. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण: ५। सव्वापाच, २॥ अडीच, ४॥। पावणेपाच. मोडी दफ्तरांत आणि दुकानदारांच्या वह्यांत हीच खूण आहे. तिचा पुढचा थर आणखी छान आहे. पावाचे पुन्हा चार भाग केले की सोळावा भाग होतो, म्हणजे रुपयाचा एक आणा. त्यासाठी आडवट लहान रेघा: एक, दोन किंवा तीन. चौथी लागलीच तर एक उभी रेघ वाढते. सात आणे म्हणजे एक उभी आणि तीन आडवट. चारचारच्या गटांनी चालणारी ही पक्की पद्धत आहे, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असलेल्या माणसाला ती एका नजरेत वाचता येई. त्यात अंश नाही, छेद नाही, ओळ फुगत नाही, वेगळा खिळा लागत नाही. केसमध्ये दंडाचे खिळे असतच. अपूर्णांक ओळीत बसवण्याचा जो प्रश्न युरोपातल्या मुद्रकांनी तिरक्या रेघेने सोडवला, तो आपल्याकडे मुळात उभाच राहिला नव्हता, निदान रुपये-आण्यांपुरता तरी.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि या खुणांचे रोजचे काम संपले. पण त्या पुसल्या गेल्या नाहीत. २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत त्यांना स्वतःची जागा मिळाली: यू+ए८३० पासून यू+ए८३९ पर्यंत दहा चिन्हे, त्यांत पाव, अर्धा, पाऊण, सोळावा भाग, आठवा भाग आणि तीन सोळांश. श्लोकाच्या शेवटच्या दुहेरी दंडाहून अर्ध्याचे चिन्ह वेगळे धरले आहे. जुना जमाखर्च, जुनी पत्रे, बखरींच्या पुरवण्या आज छापायला घेतल्या तर दंडांची उसनवारी न करता अर्धा हा अर्धा म्हणूनच फाइलमध्ये नोंदवता येतो. हे चिन्ह असलेला फॉन्ट मात्र शोधून निवडावा लागतो.

आणि शेवटी देवनागरी आकड्यांचा अपूर्णांक. तिरक्या अपूर्णांकात दोन जागा सर्वांत नाजूक असतात: अंशाचा खालचा उजवा कोपरा आणि छेदाचा वरचा डावा कोपरा. रेघ या दोन्हींच्या अगदी जवळून जाते. आता आपले आकडे डोळ्यांसमोर आणा. २ आणि ३ यांची शेपटी कुठे जाते? खाली, उजवीकडे, थेट रेघेच्या अंगावर. ४ चे डावे टोक कुठे असते? वर, डावीकडे, दुसऱ्या बाजूने त्याच रेघेच्या अंगावर. म्हणजे ३/४, आपला नेहमी लागणारा अपूर्णांक, देवनागरीत जुळवायला सगळ्यांत अवघड आहे. लहान ३ ची शेपटी आखूड करावी लागते, लहान ४ ची शिंगे जरा मिटावी लागतात, आणि या दोन आकड्यांसाठी रेघेपासूनचे अंतर वेगळे ठरवावे लागते. इंग्रजी फॉन्टच्या मापांची नक्कल करून हे जमणार नाही. ते देवनागरीचा हात असलेल्या माणसानेच करायचे काम आहे. बऱ्याच फॉन्टांत आज उलटे दिसते: रोमन आकड्यांचे अंश-छेद नीट काढलेले, देवनागरी आकड्यांचे नाहीतच.

वाहत्या ललित मजकुरात पाऊण वाटी, अडीच मैल, सव्वा तास असे शब्दांतच लिहावे. मराठीसारखी तयार सोय फार थोड्या भाषांना आहे. पण पाककृतीच्या जिन्नसांची यादी, सुताराची मापे, औषधाची मात्रा, शाळेचे पुस्तक, कापडाचा नमुना यांत आकडेच लागतात, आणि तिथे वाचणाऱ्याला अंश कुठला आणि छेद कुठला हे न अडखळता दिसलेच पाहिजे. तेव्हा जे मराठी फॉन्ट विकत घेतात, पाने लावतात किंवा पुस्तके काढतात, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. पुढचा फॉन्ट निवडण्याआधी त्यात ३/४, १३/१६ आणि २ ३/४ टाइप करून अपूर्णांक चालू करून पाहा. जमले नाही तर फॉन्ट करणाऱ्याला तसे कळवा आणि वीस लहान आकडे मागा. मागणाऱ्यांची संख्या वाढली की तेही काढले जातील.